विलासची चार पुस्तकं

त्या पिंप्राळ्याच्या विलासचं कौतुक माझ्यासमोर नको! जानेवारीत मी वर्षभरात वाचायच्या चाळीस पुस्तकांची यादी केली, त्यानं फक्त चारांची. परवा शेतात भरीत पार्टीला हा सगळ्यांदेखत म्हणतो, "माझी चारही वाचून झाली." लागले सगळे वाहवा करायला. माझं डोकंच फिरलं. त्याचं चौथं पुस्तक माझ्याही यादीत होतं. म्हटलं, "वाचलं ना? मग शेवट सांग!"

त्यानं घडाघडा सांगितला. सगळे माझ्याकडे वळले, "भाऊ, बरोबर शे का?"

आता मी कुठे वाचलंय! तोंडातलं भरीत गिळलं आणि म्हटलं, "बरोबर शे."

तेव्हापासून तेच पुस्तक घेऊन बसलोय. अर्ध्यावर आलोय. देवा, त्यानं शेवट चुकीचा सांगितलेला निघू दे!