नाडीचा बॉल

हर्षा: सावकाश या, डोमाजी, मैदान आखायचा चुना सांडला आहे खाली. तुम्ही या शाळेत तीस वर्षं शिपाई होते, म्हणून तुम्हालाच फोन केला. हा बॉल ओळखता का?

डोमा: कुठं भेटला?

हर्षा: त्या लोखंडी पेटीत. कुलूप तोडावं लागलं. बास्केटबॉलच आहे ना? तपकिरी चामडं, अन् वर बुटासारखी नाडी! आमचे आता नारंगी-पिवळे, बारा पट्ट्यांचे. पोट्टे याला नारळ म्हणून राहिले.

डोमा: तेव्हा असेच येत. नारंगी मागून आले, दुरून दिसावे म्हणून. म्याडम, याच्यात हवा कोणं भरली?

हर्षा: कोणीच नाही. असाच टणक निघाला.

डोमा: असं कसं होईन? याची हवा म्या सोडली होती, ह्याच हातानं. कैलाशदादा गेला त्या दिवशी. मंग मास्तरनं पेटीत टाकला. नोकरीत असतानीबी म्या ते पेटी उघडली नाही.

हर्षा: कैलाशदादा कोण?

डोमा: माहा मोठा भाऊ. शाळेचा कप्तान. साठ वर्षं झाले.

हर्षा: नंतर कोणी पंप मारला असेल.

डोमा: कुठून मारन? भोक दाखवा बरं याले. नाडी सोडा, आतल्या ब्लॅडरची नळी बाहेर काढा, तोंडानं फुका, दोऱ्यानं बांधा, मंग नाडी ओवा. हे सारं कैलाशदादाच करे. गाठ पाहा. डाव्या हातानं बांधली आहे. तो डावराच होता.

हर्षा: भर दुपारी अंगावर काटा आणता तुम्ही. काय झालं होतं त्यांना?

डोमा: बॉल शाळेमागच्या बोडीत, तळ्यात गेला. पाणी गढूळ, अन् बॉलबी त्याच रंगाचा. दादा पोहत पोहत विचारे, "डोमा, कुठं आहे रे?" मी काठावरून सांगो, "पुढं, अजून पुढं."

हर्षा: तुम्हाला दिसत होता?

डोमा: काठाले लागला होता, माह्या पायापाशी, गवतात. मस्करी करून राहिलो होतो मी. बारा वर्षांचा होतो जी. मधात गाळ होता. तो वर आलाच नाही.

हर्षा: घरी काय सांगितलं?

डोमा: बॉल दिसला नाही, मागून काठाले लागला म्हणून सांगतलं. सगळ्यायनं रंगालेच दोष देल्ला. माय तेच मानत मेली.

हर्षा: बसा, डोमाजी. पाणी आणते.

डोमा: नोको. नाडी सोडतो मी.

हर्षा: राहू द्या ना. ऐका माझं.

डोमा: त्याले सांगाचं आहे मले. दादा, बॉल माह्यापाशी होता. मले दिसला होता.

(नळीतून हवा सुटल्याचा आवाज.)

हर्षा: शेवाळाचा वास येऊन राहिला. अन् हवा गरम आहे... डोमाजी, बॉल तर पुरा चपटा झाला. मग आवाज काहून थांबत नाही?

डोमा: येऊ द्या, म्याडम. साठ वर्षं दम धरला त्यानं.