वासुदेवाचा व्हीटो

...नाही, पण वासुदेवाचं चुकलं काय हो, तुम्हीच सांगा! शारजात, अल नहदाला वन बीएचके, भाडं कोण भरतं? वासुदेव! बायको-मुलीचा व्हिसा कुणाच्या नावावर? वासुदेवाच्या! मग कंपनीने अबुधाबीच्या साइटवर टाकल्यावर, ‘तुम्ही दोघी चिपळूणला जा, मी तिकडे बेडस्पेस, म्हणजे कुणाच्या खोलीत एक खाट, घेऊन एकटा राहतो’, हे ठरवायचं कुणी? वासुदेवानेच ना? ठरवलं. खलास!

पण मुलगी, मिहिका... अमेरिकन शाळेत, अकरावीला. दुसऱ्या दिवशी तिचा ‘गव्हर्नमेंट’चा पेपर, आणि हे महाशय जेवता जेवता तिला शब्द विचारतायत. सेपरेशन ऑफ पॉवर्स म्हणजे काय? तर म्हणे, कायदे करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. “आपल्याकडे हे तिन्ही मीच,” वासुदेव मिशीत हसला.

“बाबा, दॅट्स अ किंग!”

पुढचा शब्द पॉकेट व्हीटो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला विधेयक पटलं नाही, की तो सही करत नाही आणि नाहीही म्हणत नाही. नुसता खिशात घालून बसतो, तोवर काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन संपतं, विधेयक मेलं! तव्यापाशी उभी बायको, सुजाता, म्हणाली, “अगंबाई, म्हणजे ह्यांचं ‘बघू, इन्शाल्ला’!” आता तुम्हाला सांगतो, खोटं नाही ते. नोकरी करू का? बघू. ड्रायव्हिंग शिकू का? बघू. आणि का नाही बघणार? व्हिसा कुणाच्या नावावर? वासुदेवाच्या!

तेवढ्यात पोरीने ताट सरकवलं. “बाबा, आय हॅव अ बिल. आपण तिघांनी एकत्र राहायचं. इथेच.”

“व्हीटो!” वासुदेव गरजला.

“व्हीटो ओव्हरराइड करता येतो, मोडून काढता येतो. दोन्ही हाउसेसमध्ये टू-थर्ड्स लागतात. एक हाउस मी, दुसरं आई. दोघींचेही हात हवेत.”

वासुदेव हसला हो! पोट धरून हसला! कारण ‘तुम्ही म्हणाल तसं’ याच्यापुढे ह्या बाईने आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं. “घ्या मतदान!” स्वतःच म्हणाला! आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा... पोरीचा हात वर. सुजाताने गॅस बंद केला, वळली, आणि पिठाने भरलेला हात... वर!

“का गं?” वासुदेवाच्या तोंडून कसंबसं निघालं.

ती रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, “तुम्ही पहिल्यांदा एकटे आलात, तेव्हा तीन वर्षं मी फोनवर संसार केला. मग आम्ही आलो. विमानतळावर तुम्ही हिला उचलायला वाकलात, तर ही माझ्या मागे लपली. म्हणाली, आई, ह्या काकांना सांग ना, मला हात नका लावू. तुम्ही हसलात. टॅक्सीत मात्र सारखे खिडकीबाहेर बघत होतात. मला दिसत होतं हो सगळं. ते मला परत नको.”

“आय डिडन्ट नो, बाबा,” मिहिका पुटपुटली. वासुदेवाच्या अगदी जिव्हारी लागलं. ताटातला घास तसाच. मग म्हणाला, “बरं... झाला तुमचा कायदा. आता राष्ट्राध्यक्षाला काम काय उरलं?”

“एक्झिक्यूट इट, बाबा.” पोरीने डोळे पुसले. “पास झाला की राबवायचा. आवडो, न आवडो.”

तेव्हापासून बघा, माणूस रोज दोन तास बसने अबुधाबीला जातो आणि रोज रात्री तेवढाच परत येतो. बसमध्ये डोकं शेजारच्याच्या खांद्यावर. शेजारचा वैतागतो, “हबीबी, उधर ही रूम क्यों नहीं लेता?” हा काय सांगणार? व्हिसा अजून ह्याच्याच नावावर! दमतो हो, फार दमतो, पण घरी येऊन दमतो. आणि लोकशाही वाईट असं कोण म्हणतंय? पण कायदा करायला नुसता हात वर केला की भागतं... राबवणाऱ्याला पहाटेची बस धरावी लागते!