शुक्रवार संपला की सगळं स्वस्त

नाव काढू नका! लास व्हेगासचं नाव माझ्यापुढे काढू नका, आधीच सांगून ठेवतो! फोटो बघायचेत? बघा की, अल्बम तिथे टीव्हीवर पडलाय, बघा आणि परत ठेवा, पण मला विचारू नका 'काय निनादराव, कशी झाली ट्रिप?' कारण मग मी सांगायला लागणार, आणि मी सांगायला लागलो की छाया आतून येणार, 'अहो पुरे, भाऊजींबद्दल असं बोलतात का?'... आता ती रोल्लाच्या बाजारात गेलीय भाजी आणायला, तेवढ्यात सांगून घेतो.

तर हे भाऊजी. सूर्यकांत! आमचा साडू! छायाच्या मोठ्या बहिणीचा, वैभवीताईंचा नवरा. राहतो इथून जवळच, अल कुसैसला, नोकरी स्टीलच्या कंपनीत, परचेस ऑफिसर. आता परचेसमधल्या माणसानं ऑफिसात घासाघीस करावी ना? हा घरीसुद्धा करतो! वैभवीताईंनी चार पोळ्या वाढल्या तर हा विचारेल, 'तीनमध्ये भागत नाही का?' आणि भागलं की वर डोळे मिचकावून, 'वाचले ना?' डोक्यात तिडीक जाते हो! पण बायकोच्या बहिणीचा नवरा, बोलणार काय?

मुळात जायचं का ठरलं, ते ऐका. बारा वर्षं झाली शारजात. बारा वर्षं सुट्टी म्हणजे सांगली! इथून बॅगा भरायच्या, तिथे बॅगा रिकाम्या करायच्या, अत्तर ह्याला, टॉर्च त्याला, आणि शेवटी कुणीतरी रुसणार ते रुसणारच. आणि इथे घर कसं, तर तुम्ही बघताच आहात! अल मजाज म्हटलं की लोकांना वाटतं लगून दिसत असेल, पाणी, दिवे... दिसतं हो, दिसतं, पुढच्या फ्लॅटवाल्यांना! भाडं बघा त्यांचं! आपला फ्लॅट मागचा. आपल्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात आणि कुणाचा तरी वाळत घातलेला लेंगा. म्हणून लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हा मी व्हेगासचं नाव काढलं, तर छाया म्हणाली, 'मला सोनं नको, शॉपिंग नको, तिथला तो जुगार तर नकोच. मला उंचावरची एक खोली पाहिजे. खिडकीतून नुसते दिवेच दिवे दिसणारी. एक दिवस.' पंधरा वर्षांत पहिल्यांदा बाईनं स्वतःसाठी काहीतरी मागितलं. मी म्हटलं, देतो! शब्द दिला!

आणि तिनं हे फोनवर ताईला सांगितलं. संपलं!

पुढच्या जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीला, सूर्यकांत हजर. हातात कूपनांचं पुस्तक, इतकं जाड! त्याच्या ऑफिसातला मुश्ताक म्हणून कोणी अमेरिकेला जाऊन आलेला, त्यानं दिलेलं. 'निनादराव, बुकिंग करायचं नाही! बुकिंग करतात ते बावळट! ह्यात बघा, खोली एकोणतीस डॉलर. म्हणजे एकशे सहा दिरहम, म्हणजे तेराशे रुपये! जेवण एकावर एक फ्री! आम्ही पण येतो, गाडीचं भाडं निम्मं निम्मं.' बघा, मी बोलावलं होतं का? बायकोच्या बहिणीचा नवरा...

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'वीकडेज ओन्ली'. मी दाखवलं बरं का! मीच दाखवलं! तर हा हसला. 'तेच तर प्लॅनिंग आहे! आपण पोचायचं शुक्रवारी संध्याकाळी. गुरुवार-शुक्रवार गर्दी करून लोक गेलेले असणार, शनिवारी सकाळी सगळे कामावर! आपल्याला सगळं शहर मोकळं!' आणि आम्ही... सांगायला लाज वाटते... आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! मी सीए झालेला माणूस! इथे सुट्टी शुक्रवारची, बारा वर्षं शुक्रवारी झोपा काढल्या आणि शनिवारी सकाळी ऑफिस गाठलं, डोक्यात दुसरं काही येतच नाही हो! माझी समिधा, दहा वर्षांची, ती पण म्हणते, 'ऑफ कोर्स, पापा, सॅटर्डे इज स्कूल डे!'

झालं. विमानंही सूर्यकांतनंच निवडलेली, स्वस्तातली, दोन ठिकाणी बदलायची, एका एअरपोर्टवर तर इतका वेळ पडून होतो की झाडूवाला आम्हाला ओळखायला लागला. मग लॉस एंजेलिसहून भाड्याची गाडी, वाळवंटातून. वाळवंट! शारजाहून निघून, अर्धी पृथ्वी ओलांडून, काय बघितलं? वाळवंट! आणि रस्त्यावर ही गर्दी, मुंग्यांसारख्या गाड्या, सगळ्या व्हेगासकडे. मी म्हटलं, 'सूर्यकांत, शुक्रवार संपत आला, हे लोक जातायत का येतायत?' तर म्हणे, 'आपल्या बाजूची लेन आहे, तसं वाटतं.'

पहिलं हॉटेल. तिथे रिसेप्शनला जायचं तरी कॅसिनोतूनच जावं लागतं, सगळीकडे मशिनांची टिंगटिंग, लहान पोरांना तिथे थांबायला बंदी, समिधा जरा थांबली की गार्ड ओरडतो, 'कीप मूव्हिंग!' कसेबसे पोचलो. सूर्यकांतनं कूपन पुढे केलं, ऐटीत. काउंटरवरची पोरगी म्हणाली, 'सॉरी सर, इट्स फ्रायडे. वीकएंड.' हा म्हणतो, 'नो नो मॅडम, फ्रायडे फिनिश! टुमारो सॅटर्डे, वर्किंग डे!' ती म्हणाली, 'नॉट हिअर, हनी.' आणि भाव सांगितला. एकशे नव्वद!

मी सूर्यकांतकडे बघितलं. सूर्यकांतनं माझ्याकडे बघितलं नाही.

पण हार मानेल तर तो सूर्यकांत कसला! त्यानं काय केलं माहितीये? रोल्लात करतो ते! 'लास्ट प्राईस?' विचारलं, तोंड वाकडं केलं, आणि 'यल्ला, चलो' म्हणून पाठ फिरवून निघाला. आम्हाला हळूच म्हणतो, 'सावकाश चाला. मागे बघू नका. ती बोलावणार!' आम्ही पाच जण बॅगा ओढत सावकाश चाललोय... दार आलं... दाराबाहेर थांबलो, हा बुटाची लेस बांधतोय, सोडतोय, परत बांधतोय... कोण बोलावणार? तिच्यापुढे रांग होती मागे चौकापर्यंत! पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा म्हणतो, 'नवीन दिसते.'

दुसऱ्या हॉटेलात दोनशे दहा. तिसऱ्यात मी रांगेत उभा, हा गायब! बघतो तर मशिनसमोर बसलाय, हातात नाणं, टाकत नाही, नुसतं धरलंय! कारण खेळणाऱ्यांना ज्यूस फुकट मिळतो! 'निनादराव, बसा, ऑरेंज आहे! वाचले ना?' आणि छाया तिकडे खांबाला टेकून उभी, पायातली चप्पल काढून, चेहरा असा झालेला... मला इतका राग आला, त्याचा आला, माझा स्वतःचा जास्त आला, की मी ओरडलोच, सगळ्या कॅसिनोत, 'खलास! बास!' आणि काउंटरवर कार्ड आपटलं. 'वरची खोली. खिडकीवाली. दिव्यांकडची!'

तीनशे डॉलर! अकराशे दिरहम! साडेतेरा हजार रुपये! सांगलीत माझा भाऊ एवढ्यात महिना काढतो! पण छायाचा चेहरा बघितला आणि म्हटलं, गेले खड्ड्यात.

एकोणिसावा मजला. दार उघडलं आणि समोर भिंतभर काच! बाहेर नुकता अंधार पडलेला, आणि दिवे म्हणजे... छाया बॅग हातातच धरून उभी राहिली. मी पण. आणि मागून आवाज, 'दोन डबल बेड आहेत, आपण पाच, मग दुसरी खोली कशाला?' आला आत! वैभवीताई बिचाऱ्या 'अहो, अहो' करतायत. हा सरळ खिडकीजवळच्या बेडवर आडवा झाला, हात लांब केला, आणि सर्रकन पडदा ओढला! म्हणतो, 'काचेतून कूलिंग जातं!'

अरे, हॉटेलचा एसी! हॉटेलचं बिल! तुझ्या बापाचं काय जातं? हे सगळं मी म्हणालो. मनात. पाच मिनिटांत तो घोरायला लागला.

मग आम्ही काय करणार? पडद्याच्या आत शिरलो. मी आणि छाया, मागे पडदा, पुढे काच, मध्ये वीतभर जागा, नाक काचेला लावून उभे. पाय भरून आले पण हलायचं नाही. तेवढ्यात घोरणं थांबलं, 'निनादराव, फट राहिलीय, कूलिंग जातंय!' मी फट धरून ठेवली. हातानं! अकराशे दिरहम देऊन पडदा धरून उभा! छायानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाली, 'अहो, किती छान वाटतंय.' मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू, सगळा राग उतरला. मी म्हटलं, 'पुढच्या वर्षी परत आणतो तुला. फक्त आपण तिघं.'

तर म्हणाली, 'इश्श, आपल्याला कुठे जमतं? भाऊजींनाच सांगूया. आज ते नसते, तर तुम्ही कधी एवढ्या महागाची खोली घेतली असती का?'

...सिंगापूर ठरलंय. कूपनं आलीत.