वेगळ्या खिळ्यावरची कढई

माझं माहेर सुप्याचं. अब्बा बांगड्या भरायचे, दुकान म्हणजे काय तर एक पेटी आन् वर ताडपत्री, बाजाराच्या दिवशी बायांची ही गर्दी. अब्बा त्यांचा हात हातात घेऊन, चोळून मऊ करून बांगडी चढवायचे, त्याचं कुणाला काही न्हाय, पण त्याच बाया उधारी द्यायला घरी आल्या आन् अम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला की म्हणायच्या, नको, आत्ताच पिऊन आले. ओठ वाळलेले दिसायचे, पण आत्ताच पिऊन आले. मला लहानपणी वाटायचं, या बायांना तहानच लागत न्हाय.

लग्न होऊन हितं भवानीनगरला आले. ह्यांचं पंक्चरचं दुकान, कारखान्याच्या रस्त्याला, सीझन लागला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग आन् दिवसभर टायरच टायर. थांब, ग्यास बारीक करते. तू बस लिहायला, मला एका जागी बसवत न्हाय, हल्ली तर मुळीच न्हाय.

तर दुकानासमोर चायनीजची गाडी लागायची, लाल रंगाची. संध्याकाळी तितं सगळे गडी, काही पिऊन आलेले, बाईमाणूस कशाला उभं राहतंय? पोरं पिशवीत बांधून घरी आणायची, आमी बाया नुसता वास घ्यायचो. मी दुकानात ह्यांचा डबा घेऊन गेले की लांबनं त्या माणसाचा हात बघायची. जाळ मोठा, कढई हलती, कोबीला पाणी सुटू द्यायचं न्हाय. एवढंच हाय बघ सगळं. बाकी नुसता आवाज.

पहिल्यांदा घरी केलं तर शेवयांचा निव्वळ गिचका झाला. तुझी मावशी रेखा, शेजारीण माझी, ती म्हणाली, भाभी, भिंतीला पोस्टर चिकटवायला चांगलं हाय हे. पण खाल्लं तिनं. आन् सुनंदाला आवाज दिला.

सुनंदा म्हणजे वरच्या मळ्यातली, कोबी, ढोबळी मिरची करती, तिचा माल बारामतीच्या मार्केटला जातो. गळ्यात माळ हाय तिच्या. माझ्याकडं रोज यायची, वट्ट्यावर बसायची, लेकीचं, सासूचं सगळं माझ्याजवळ बोलायची, पण आत चहासुद्धा न्हाय घ्यायची. तर त्या दिवशी तिनं ताटात बघितलं, सोयासॉसची बाटली हुंगली, म्हणाली हे काय इंजिनाचं ऑइल? रेखा म्हणाली, अगं खा, हे भाभीच्या घरचं न्हाय आन् तुझ्या घरचं बी न्हाय, हे चीनचं हाय, चीनला कुठं जातपात ठाऊक? सुनंदा हसली. मग म्हणाली, पण भाभी, कढई?

फक्त कढई, एवढंच म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी इंदापूरला जाऊन नवी लोखंडी कढई आणली. तिच्यात मटण न्हाय, अंडं न्हाय, कायच न्हाय, नुसतं शनिवारचं चायनीज. भिंतीला वेगळा खिळा ठोकला. काय सांगू तुला, कसले शनिवार होते ते. सुनंदा ओच्यात कोबी घेऊन यायची, रेखा लसूण सोलायची, मी जाळापुढं, तिघी एका चटईवर. सुनंदा काटाचमचा न्हाय धरायची, हातानं शेवया वर ओढायची आन् आमी हसून मरायचो. वर्षानुवर्षं चाललं हे.

मग पोराचं लग्न झालं, शबनम आली घरात. गोड पोरगी हाय, मुळीच वाईट न्हाय, हे आधी लिही. तिचा भाऊ आला भेटायला, त्याला चिकन चिली आवडती, मी दवाखान्यात गेले होते. तिनं बघितलं होतं की अम्मी चायनीज त्या खिळ्यावरच्या कढईत करतात. मग तिनं बी चायनीज त्याच कढईत केलं. चुकलं कुठं तिचं? मी सांगितलंच नव्हतं तिला. नव्या सुनेला काय सांगायचं, या घरात एक कढई आपली न्हाय म्हणून?

हे म्हणाले, घासून टाक, लोखंडाला काय कळतंय. मी राखेनं घासली, पुन्हा घासली. पण तोंड बंद ठेवून सुनंदाला घास वाढला असता तर तो माझ्याच नरड्यात अडकला असता. गेले मळ्यात. ती कोबी काढत होती. सांगितलं. तिनं इळा थांबवला न्हाय, वर बघितलं न्हाय, म्हणाली, बरं.

शनिवार आला, सुनंदा न्हाय आली. दुसरा आला, रेखा एकटीच आली आन् इकडचं तिकडचं बोलून गेली. मी आपली आत बाहेर, आत बाहेर. शबनम म्हणाली, अम्मी, त्या आपल्या कढईत का नाहीत खात? मी म्हणलं, त्यांची रीत हाय. ती म्हणाली, मग आपली रीत काय?

तिसऱ्या शनिवारी सुनंदा आली. कोबी होता आन् तुराट्यांची मोळी. अंगणात विटा मांडल्या, कढई पालथी घातली आन् जाळ केला. लाल होऊस्तोवर. म्हणाली, मातीची असती तर फोडावी लागली असती भाभी, लोखंडाला जाळ पुरतो. मला रडू आलं. माझी मैत्रीण परत आली होती, दुसरं काही दिसत नव्हतं मला.

पण शबनम दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं.

त्या दिवशी सुनंदानं लई खाल्लं. स्वतःहून हाक मारली, शबनम, ये की गं, बस आमच्यात, तू बी खा. आन् पोरगी काय म्हणाली? नको मावशी, आत्ताच जेवले.

सकाळपासून अन्नाचा कण न्हाय तिच्या पोटात, मला ठाऊक होतं. सुप्याच्या त्या बाया उभ्या राहिल्या माझ्यापुढं. पण आता तसं म्हणणारी माझ्याच घरातली.

तवापासून माझं असं झालंय. सुनंदा चुकली म्हणू का? तिला जेवढं जमतंय तेवढं ती चालून आली, तुराट्या डोक्यावर घेऊन आली. शबनम चुकली म्हणू? तोंड न्हाय मला. म्हणून आज दोन्ही कढया खाली काढल्यात. एकीत सुनंदाचं, एकीत अंडं घालून शबनमला आवडतं तसं. जाळ एकच, चटई एकच. बसल्या तर बसल्या दोघी. न्हाय बसल्या तर मी मधी बसेन, आणखी काय करू?

तू आल्या आल्या पाणी मागितलंस, तांब्या रिकामा केलास, तवाच मनात आलं, हिला सांगायचं. अल्ला तुला सुखात ठेवो, पोरी. आता ऊठ, फाटक वाजलं, सुनंदा असंल. शबनम, चटई टाक गं बाई, मोठी टाक.