प्रतिक्षाचा पासवर्ड

कॉलेजचं ग्रंथालय सांभाळणारे लिलाधर सर लाखनीच्या बसथांब्यावर बसले होते. मागच्या बाकावर दोन मुली बोलत होत्या.

"प्रतिक्षा नापास झाली म्हणते?"

"दोन पेपरात. पुस्तकं मोबाइलवर होती, पण उघडाले ग्रंथालयाचा पासवर्ड लागे."

"मंग मांगितला काहून नाही?"

"चार खेपा गेली. ग्रंथालयातले सर म्हणत, उद्या ये."

"आता काय करते?"

"बापानं कॉलेज सोडवलं. सातऱ्यावर, मिरच्या निवडाच्या कामावर, देठ तोडून राहिली. मोबाइलबी पाहत नाही, डोळे जळते म्हणते."

"सरांले सांगाचं ना."

"कोणाले? त्यायले तिचं नावबी माहीत नसन."

बस आली, मुली चढल्या. लिलाधर सर प्रतिक्षाचा चेहरा आठवत राहिले. तो काही केल्या आठवेना.