व्याही म्हणून मला बाद करू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गोदी कंपनीचे मोठे साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते संगणक विभागाचे निवृत्त होणारे प्रमुख, म्हणजेच माझे व्याही, आणि मागच्या दाराशी चहाची चाहूल घेत उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागेल असं वाटत नाही, आधीच सांगून ठेवतो.

व्याह्यांची ओळख मी काय करून देणार? क्रेनवर बसलेल्या माणसाला कुठला कंटेनर कुठं ठेवायचा हे समोर पडद्यावर दिसतं, ते यांच्यामुळे. त्या पडद्यामागे सगळे संगणक चालवणारी यंत्रणा, म्हणजे युनिक्स, ती माझ्या छोट्याशा कंपनीची. यांनीच ती निवडली. तेव्हा आम्ही नातेवाईक नव्हतो, हे कृपया ध्यानात घ्या. कचाकचा भांडायचो! एकदा सर्व्हरच्या खोलीत छतातला पाइप फुटला. आम्ही दोघं खुर्च्यांवर उभे राहून सर्व्हरवर ताडपत्री धरून होतो, मोजे भिजून चिंब. हे माझ्यावर असे ओरडत होते, जणू पाइप मीच फोडला! ओरडून ओरडून दमले आणि म्हणाले, "तुमची मुलगी काय करते हो?" अशी आमची सोयरीक जुळली.

तर अशा या माणसानं जाता जाता शिफारस केलीय, की आमची युनिक्स काढावी आणि लिनक्स आणावी. सोमवारी अध्यक्षसाहेब त्यावर सही करणार आहेत.

आता, लिनक्स वाईट आहे असं मी म्हणेन? माझी जीभ झडेल! माझ्याच ऑफिसातल्या इंजिनिअर पोरी घरी तीच वापरतात, वर मलाच शिकवायला येतात. युनिक्स आणि लिनक्स दोघी एकाच घराण्यातल्या, चुलत बहिणीच म्हणा. लिनक्स फुकट मिळते, जगभरची माणसं तिच्यासाठी खपतात. बँका तिच्याकडे गेल्या, कारखाने गेले, एकेक करून माझी सगळी गिऱ्हाइकं गेली. तिथं सामना झाला, आम्ही हरलो, मी ब्र काढला नाही. आता उरली ही गोदी. ही गेली की मी शटर ओढलं.

पण व्याहीबुवा, इथं सामना झाला कुठं? दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवून बघितल्यात का? नाही. का नाही? काल यांना जिन्यात गाठून मी हेच विचारलं. माझा हात धरून म्हणाले, "लोक म्हणतील, व्याह्याचं घर भरलं. जाता जाता तो डाग मला नको." म्हणजे माझी यंत्रणा कमी पडली म्हणून नाही, माझी मुलगी तुमच्या घरात आहे म्हणून मी बाद! परका असतो तर निदान चाचणीला उभं केलं असतंत. असं कुठं असतं का हो?

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघतायत. आवरतो, आवरतो.

माझी मुलगी तिसऱ्या रांगेत बसलीय. सकाळी तिचा फोन आला होता. "बाबा, भाषणात त्या शिफारशीचा विषय काढू नका. मला त्या घरात राहायचंय." मी हो म्हटलं होतं. पण माझ्या ऑफिसातली माणसं आत्ता घरी न जाता माझ्या फोनची वाट बघत बसलीत, त्यांना काय सांगू मी? एक महिना द्या, साहेब. एका महिन्याची चाचणी, आणि ठरवू दे क्रेन चालवणाऱ्यांना. हरलो तर वायरी मी स्वतः काढीन, आणि लिनक्स बसवायला याच माणसांना पाठवीन. हवं तर व्याही हा शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही.

अगं, उठलीस कशाला? बस ना. बस, बाळा, संपवतोच आहे.

गेली.

व्याहीबुवा, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, फोन न वाजता निवांत झोप मिळो, हे अगदी मनापासून म्हणतो. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. मुलीची माफी मी बाहेर जाऊन वेगळी मागतो, तिनं दिली तर. पण साहेब, सोमवारी सही करू नका हो. पाया पडतो, करू नका.