‘खा’ म्हणायचं नाय!

चूक तात्यासाहेबांचीच! तात्यासाहेब म्हणजे माझा बाप, आणि अख्ख्या बजाजनगरात पोरांना खाऊ घालण्यात आपला हात कोण धरत नाय म्हणून मिशीला पीळ देणारा माणूस... तुम्हाला सांगतो, नातीला, म्हणजे माझ्या भावाच्या सायलीला, ह्या माणसानं जन्मापासून जेवू घातलं ते कसं? उभ्या स्कूटरवर बसवायचं, हातात मोबाईल द्यायचा, कार्टून बघून पोरीनं आ वासला की चहात बुडवलेलं बिस्कीट आत! पुन्हा आ, पुन्हा बिस्कीट! पोरगी जेवत नव्हती हो, पोस्टाच्या पेटीसारखं नुसतं आत घेत होती! दात आले, पण कशाला आले ते दातांनाच माहीत नाय. भाऊ-वहिनी कंपनीत शिफ्टला, आई तात्यांपुढं ब्र काढत नाय, आणि मी बोललो की, “तू आधी ते सोडलेलं कॉलेज पुरं कर!” आता कॉलेज मी सोडलं, बिस्किटं तुम्ही चारली, ह्यात माझा काय गुन्हा?

मग पोरगी सुकत चालली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. त्याच्या आधी एक करून बघू... मोठ्या दवाखान्यात दिवसाचा वॉर्ड आहे, सकाळी न्यायचं, दिवसभर तिथं जेवायला शिकवतात, संध्याकाळी घरी. तात्या उसळले! “जेवायला शिकायला दवाखाना? उद्या झोपायला शिकायला कोर्टात जा!”

तरी सोबत कोण गेलं? हेच! तिथं जेवायला शिकवणाऱ्या संध्या मॅडमनी बजावलेलं, पोरीला भुकेली आणा. आणि ह्या महापुरुषानं काय करावं? रोज दवाखान्याच्या फाटकाशी, रिक्षातच, बंडीच्या खिशातून पुडा काढून चारली बिस्किटं! का? तर, “लेकरू उपाशी पोटी घराबाहेर काढलं तर लोक काय म्हणतील?” आठवडा पाण्यात. पोरगी ताटाकडं ढुंकून बघेना. शेवटी मॅडमनी तिच्या फ्रॉकवरचा चुरा बघितला, मग तात्यांच्या मिशीवरचा बघितला, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “आजोबा, उद्यापासून दुसरं कोणी पाठवा हं.” दुसरं कोण? घरात रिकामा कोण? मी! ह्यात माझा काय गुन्हा?

आता तिथले नियम ऐका. फोन टोपलीत टाकायचा. पोरीच्या ताटात जे, तेच आपण खायचं. आणि ‘खा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाय! अहो, आमच्या घरात माणूस दारात दिसला की रामरामाच्या आधी ‘खा’ म्हणतात! बसलो जीभ दाताखाली धरून. पण ती संध्या मॅडम... लई जबरी बाई, मानलं आपण! पोरीनं भेंडी फेकली, बाईनं उचलून बाजूला ठेवली, चेहरा तसाच. पोरीनं वरण टेबलाला फासलं, बाई म्हणते, “अरे वा, गरम आहे का गं?” पोरगी वास घ्यायची, जिभेला लावायची, थुंकायची, आणि बाई अशी बघायची जसा काय गड सर केला! ना लालूच, ना धमकी. नुसती भुकेची वाट बघत बसायची. एवढा दम आमच्या सगळ्या खानदानात मिळून नाय!

आणि एक दिवस ताटात दोडका. मला दोडका बघूनच मळमळतं, आईला विचारा! सायलीनं फोड उचलली, हुंगली, माझ्याकडं बघितलं. “काका, तू नाय खात?” मॅडम बघतायत, डोळ्यापुढं ती नळी... कोंबला तोंडात! गिळणार तेवढ्यात पोरगी म्हणते, “चाव ना!” चावला हो... डोळ्यात पाणी! ती माझ्या जबड्याकडं टक लावून बघत राहिली, आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हातानं हां, फोड दाताखाली घेतली. इवलासा जबडा खाली-वर... खाली-वर... आणि शाब्बास म्हणायचीही बंदी! मी टेबल गच्च धरून बसलो. मॅडम पहिल्यांदा हसल्या. “काका, तुम्हाला अजून वाढू?”

नळी टळली. तात्या आता जेवायला बसले की ‘ख’पर्यंत येतात आणि घटाघटा पाणी पितात. पण पोरगी माझ्याबिगर घास उचलत नाय, आणि भाजी मागते ती तीच. मी चावलं की ती चावते. ह्यात माझा काय गुन्हा?

रोज दोडका खातो मी.